एका माणसाची मित्रमंडळी

(बी. कॉम. द्वितीय वर्ष, मराठी विभाग)

लहान मुले भातुकली मांडतात तेव्हा पाटावर बसलेला पाहुणा पुष्कळदा दुसऱ्या कोणालाच दिसत नसतो. त्याच्यापुढे ताट वाढले जाते, त्याला आग्रह होतो, तो रुसतो, मग त्याची समजूतही काढावी लागते. मोठी माणसे हसतात आणि आपल्या कामाला लागतात. मानसशास्त्राचे जाणकार सांगतात की असा काल्पनिक सोबती पुष्कळ मुलांना असतो, त्यात काळजी करण्यासारखे काही नाही, आणि वय वाढले की तो आपोआप निघून जातो.

परंतु तो गेलाच नाही तर? मूल मोठे झाले, नोकरीला लागले, केस विरळ झाले, आणि तो पाहुणा पाटावर तसाच बसून राहिला तर? एवढेच नव्हे, त्याने आपल्याबरोबर आणखी चारजणांना आणले तर? अशा माणसाला खऱ्या माणसांची गरज उरते की नाही? प्रश्न नुसत्या तर्काने सुटण्यासारखा नाही. त्यासाठी एक आयुष्यच उलगडून पाहावे लागेल, आणि तसे एक आयुष्य जगाच्या वाङ्मयात नोंदलेले आहे. ते म्हणजे पोर्तुगीज कवी फर्नांदो पेसोआ याचे.

आपल्या शेजारच्या गोव्यावर १५१० पासून १९६१ पर्यंत ज्यांनी राज्य केले, त्यांच्या भाषेतील विसाव्या शतकाचा हा सर्वांत मोठा कवी मानला जातो. आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना तो आणखी एका नात्याने जवळचा आहे. पोटासाठी त्याने जन्मभर व्यापारी पेढ्यांची पत्रे लिहिली. आणि सीमाभागातल्या विद्यार्थ्याला तर तो अगदी घरचाच वाटावा, कारण घरात एक भाषा आणि दारात दुसरी, अशा दोन भाषांत तो वाढला. पोर्तुगीज भाषेत पेसोआ या शब्दाचा अर्थच मुळी व्यक्ती असा आहे. या एका व्यक्तीने आपल्या कागदांत शंभराहून अधिक व्यक्ती निर्माण करून ठेवल्या.

पेसोआचा जन्म १३ जून १८८८ रोजी लिस्बन शहरात झाला. वडील न्यायखात्यात नोकरी करीत आणि वर्तमानपत्रात संगीताची परीक्षणे लिहीत. घरासमोरच सां कार्लोस हे संगीत नाट्यगृह होते. घर खाऊनपिऊन सुखी, सुशिक्षित. पण ते सुख टिकले नाही. जुलै १८९३ मध्ये वडील क्षयाने वारले. मुलगा तेव्हा पाच वर्षांचा होता. घरातील काही सामान लिलावात विकून कुटुंबाला लहान घरात जावे लागले. पुढच्या जानेवारीत धाकटा भाऊ दगावला. त्याचा पहिला वाढदिवसही झाला नव्हता. घरात वडिलांची आई होती, पण तिला मनोविकाराचे झटके येत. खेळायला भावंड नाही, बोट धरायला वडील नाहीत, आजीचे भय वाटते आणि आई आपल्या दुःखात बुडालेली, अशा त्या घरात सहाव्या वर्षी एक नवा माणूस आला. त्याचे नाव शव्हालिए द पा. तो फ्रेंच सरदार होता आणि फर्नांदोला पत्रे लिहीत असे. पत्रे अर्थात फर्नांदोच लिहायचा, स्वतःच स्वतःला. पुढे सत्तेचाळिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर असतानाही त्याला हा सरदार स्पष्ट आठवत होता.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. एकट्या पडलेल्या मुलाने खेळगडी निर्माण केला नाही, पत्र लिहिणारा निर्माण केला. पत्र म्हणजे दूर असलेल्या माणसाने आपली आठवण काढल्याची खूण. सहा वर्षांच्या त्या पोराला नेमके तेच हवे होते.

१८९५ च्या अखेरीस आईने दुसरे लग्न केले. नवरदेव दक्षिण आफ्रिकेतील डर्बन शहरात पोर्तुगालचा वाणिज्यदूत होता. तो तिकडे आणि वधू इकडे, म्हणून विवाह मुखत्यारामार्फत लागला. १८९६ च्या आरंभी मायलेक बोटीने आफ्रिकेला निघाले. डर्बन तेव्हा इंग्रजांच्या नाताळ वसाहतीत होते. गांधीजी त्या वर्षांत याच शहरात वकिली करीत होते, हे आपल्याला ठाऊक आहेच. सात वर्षांच्या पेसोआला इंग्रजीचा गंध नव्हता. त्याला कॉन्व्हेंट शाळेत घातले. पाच वर्षांचा अभ्यास त्याने तीन वर्षांत संपविला आणि १८९९ मध्ये तो डर्बन हायस्कुलात गेला. काही काळ रात्रीच्या वाणिज्य शाळेतही त्याने शिक्षण घेतले. १९०३ च्या अखेरीस केप विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेस ८९९ विद्यार्थी बसले होते. त्यात इंग्रजी निबंधासाठी असलेले व्हिक्टोरिया राणीच्या नावाचे पारितोषिक या परभाषिक मुलाने मिळविले!

मराठी माध्यमातून येऊन महाविद्यालयात इंग्रजीशी झुंजणाऱ्यांना या पारितोषिकाचे मोल वेगळे सांगायला नको. पण त्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. घरी पोर्तुगीज बोलायचे, शाळेत इंग्रजी बोलायचे, आणि दोन्हीकडे थोडे पाहुण्यासारखे राहायचे. सावत्र भावंडे झाली, पण ती वयाने फार लहान. मग या मुलाने हाताने लिहिलेली वर्तमानपत्रे काढली. त्यांत बातम्या, विनोद, कोडी सारे असे आणि संपादक, वार्ताहर, लेखक सगळे काल्पनिक. त्या लेखकांच्या गर्दीतून पुढे अलेक्झांडर सर्च हा इंग्रजी कवी उभा राहिला. त्याची जन्मतारीख पेसोआचीच. त्याच्या नावाची भेटपत्रिकासुद्धा पेसोआने करून घेतली होती.

१९०५ मध्ये सतरा वर्षांचा पेसोआ एकटाच लिस्बनला परत आला. साहित्याच्या उच्च शिक्षणासाठी त्याने नाव घातले, पण १९०७ मध्ये ते अर्धवट सोडले. त्याच वर्षी त्याने एक विलक्षण उद्योग केला. फाउस्तिनो आंतुनेस नावाचा एक मानसोपचारतज्ज्ञ त्याने कल्पनेतून निर्माण केला आणि त्या डॉक्टरच्या सहीने डर्बनच्या आपल्या जुन्या शिक्षकास व वर्गमित्रास पत्रे धाडली. पेसोआ नावाचा रुग्ण आपल्याकडे आहे, तरी शाळेत असताना त्याचा स्वभाव कसा होता ते कळवावे, अशी विनंती त्यात होती. वर्गमित्राचे उत्तर प्रामाणिक आले. मुलगा शांत होता, कोणाच्या अध्यातमध्यात नसे, इतरांत मिसळणे टाळी, मैदानी खेळांपासून दूर राही, असा त्याचा आशय.

हा प्रसंग वाचताना प्रथम हसू येते. नंतर मात्र ते मावळते. तोपर्यंत पेसोआपाशी काल्पनिक सोबत्यांची काही कमी नव्हती. त्यांतला कोणीही त्याच्याशी तासन् तास बोलू शकत होता. परंतु मी बाहेरून कसा दिसतो, या एका प्रश्नाचे उत्तर त्यांच्यापैकी एकालाही देता येत नव्हते. त्यासाठी समुद्रापलीकडच्या एका खऱ्या वर्गमित्राला पत्र घालावे लागले, आणि तेही काल्पनिक डॉक्टरच्या आड लपून!

आजीच्या मृत्यूनंतर थोडा वारसा हाती आला. त्या पैशातून १९०९ मध्ये त्याने छपाईची यंत्रे विकत घेतली व इबिस नावाचा छापखाना काढला. कवीने काढलेल्या छापखान्याचे जे व्हायचे ते झाले. १९१० मध्ये तो बुडाला आणि मागे कर्ज राहिले. तेव्हापासून अखेरपर्यंत पेसोआने लिस्बनच्या पेढ्यांतून परदेशी पत्रव्यवहार सांभाळला. इंग्रजी आणि फ्रेंच पत्रे लिहायची, भाषांतरे करायची, कामापुरता मेहनताना घ्यायचा. बांधून घेणारी पूर्ण वेळेची नोकरी त्याने पत्करली नाही, कारण वेळ लेखनासाठी हवा होता. काम संपले की कचेरीतल्याच टंकयंत्रावर तो आपल्या कविता टंकित करी. १९२६ मध्ये आपल्या मेहुण्याबरोबर त्याने वाणिज्य व हिशेबनीस या विषयाचे एक मासिकही चालविले. त्याचे सहा अंक निघाले. कवी म्हणजे व्यवहारशून्य, असे मानणाऱ्यांनी हे मासिक लक्षात ठेवावे. आणि कवी म्हणजे व्यवहारात यशस्वी होऊ शकतो, असे मानणाऱ्यांनी छापखाना.

आता येते त्याच्या आयुष्यातील सर्वांत प्रसिद्ध तारीख, ८ मार्च १९१४. त्याने स्वतः पुढे सांगितलेली हकिगत अशी. एका उंच खणांच्या कपाटाशी तो उभा राहिला, कागद पुढे ओढला आणि एका तंद्रीत तीसहून अधिक कविता लिहून काढल्या. त्या त्याच्या नव्हत्या. त्या आल्बेर्तो काएइरो नावाच्या माणसाच्या होत्या, आणि हा माणूस आपला गुरू आहे, हे त्याला त्याच क्षणी कळले. अभ्यासकांनी हस्तलिखिते तपासली तेव्हा या कविता एका दिवसात नव्हे, तर बऱ्याच दिवसांत लिहिल्या गेल्याचे दिसून आले. म्हणजे मित्रच नव्हे, मित्राच्या आगमनाची कथाही थोडी रचलेली होती. असो.

काएइरो १८८९ साली जन्मला, फारसा शिकला नाही, आईबाप लवकर गेले, खेड्यात म्हाताऱ्या आत्याजवळ राहिला. जे दिसते ते तसेच पाहावे, त्यामागे अर्थ शोधू नये, ही त्याची शिकवण. त्याच्या पाठोपाठ दोन शिष्य आले. पहिला रिकार्दो रेइस, १८८७ चा, ओपोर्तोचा डॉक्टर, लॅटिन जाणणारा, राजेशाहीचा पक्षपाती, पुढे ब्राझीलला निघून गेलेला. त्याच्या कविता मोजूनमापून लिहिलेल्या. दुसरा आल्वारो द कांपोस, १५ ऑक्टोबर १८९० चा, ग्लासगोला शिकलेला जहाजबांधणीचा अभियंता, उंच, एका डोळ्यावर भिंग लावणारा, तापट. त्याच्या कविता यंत्रांच्या घरघराटासारख्या. पेसोआने या सर्वांच्या जन्मकुंडल्या मांडल्या होत्या आणि सह्याही वेगवेगळ्या ठरविल्या होत्या.

टोपणनाव घेऊन लिहिणे मराठी वाचकाला नवे नाही. राम गणेश गडकरी कवितेत गोविंदाग्रज झाले आणि विनोदात बाळकराम. तरी गोविंदाग्रजांची कुंडली कोणी मांडली नाही, आणि बाळकरामांनी गडकऱ्यांच्या नाटकांवर टीका केली नाही. पेसोआच्या मंडळीत हे सर्व चाले. कांपोसने पेसोआच्या एका नाटकाची कवितेतून थट्टा केली. रेइस आणि कांपोस कवितेच्या स्वरूपावरून वाद घालीत. गुरू काएइरोच्या आठवणी कांपोसने भक्तिभावाने लिहून ठेवल्या. म्हणून काल्पनिक मित्र नुसते हांजी हांजी करतात, असे सरसकट म्हणता येणार नाही. पेसोआचे मित्र त्याच्याशी भांडत. त्या भांडणातून त्याला एकाच आयुष्यात चार कवी होता आले. एवढे श्रेय त्यांच्या पदरात टाकलेच पाहिजे.

काएइरोचा मृत्यू पेसोआने १९१५ मध्ये ठरविला, आणि रोग ठरविला क्षय, जो त्याच्या वडिलांना झाला होता. गुरूचे जन्ममरण शिष्याच्या हातात! कोणता मित्र केव्हा यावा आणि केव्हा जावा, हे येथे पेसोआच्या मर्जीवर होते. परंतु याच सुमारास त्याच्या आयुष्यात एक असा मित्र होता की ज्याच्यावर त्याची मर्जी चालत नव्हती.

मारियो द सा-कार्नेइरो हा त्याच्याहून दोन वर्षांनी लहान. तोही कवी आणि कथाकार. १९१२ मध्ये दोघांची मैत्री झाली आणि त्याच वर्षी सा-कार्नेइरो पॅरिसला शिकायला गेला. मग पत्रांचा ओघ सुरू झाला. पॅरिसहून आलेली त्याची दोनशेवर पत्रे आणि कार्डे पेसोआने जपून ठेवली. कविता पाठवायची, मत विचारायचे, पैशाची तक्रार करायची, पुन्हा कविता पाठवायची. लहानपणी फ्रेंच सरदाराची जी पत्रे फर्नांदो स्वतःच लिहीत होता, ती आता खरोखर फ्रान्सहून, दुसऱ्या माणसाच्या अक्षरात येऊ लागली! १९१५ मध्ये मित्रांनी मिळून ओर्फेउ नावाचे नियतकालिक काढले. त्याचे दोनच अंक निघाले. वर्तमानपत्रांनी लेखकांना वेडे ठरविले, पण त्या दोन अंकांनी पोर्तुगीज कवितेचे वळण बदलले. खर्च सा-कार्नेइरोच्या वडिलांच्या पैशातून होत होता. तो आटला आणि तिसरा अंक अडकला.

२६ एप्रिल १९१६ रोजी पॅरिसमधील एका हॉटेलात सा-कार्नेइरोने विष घेऊन जीव दिला. तो पंचवीस वर्षांचा होता. शेवटच्या आठवड्यांतील पत्रांतून त्याने आपला बेत पेसोआला कळविलाही होता. लिस्बनमध्ये बसून पेसोआ काय करणार? ज्याने एका गुरूला जन्म दिला, मृत्यू दिला, त्याला या एका मित्राचा हात धरता आला नाही.

खऱ्या मित्राची ओळख येथे पटते. त्याचे मरण आपल्या संमतीची वाट पाहत नाही. काएइरोच्या मृत्यूनंतर पेसोआ काएइरोच्या नव्या कविता लिहीत राहिला. त्याला कोण अडविणार? सा-कार्नेइरोचे पत्र मात्र पुन्हा आले नाही. कल्पनेचा एवढा मोठा धनी, पण ते एक पत्र त्याला लिहिता आले नाही. त्याने एवढेच केले की मित्राने मरणापूर्वी विश्वासाने पाठविलेल्या कविता सांभाळल्या, १९२४ मध्ये आपल्या आथेना या मासिकात त्यांतील काही छापल्या आणि मित्रावर एक लेख लिहिला.

आता एका स्त्रीची हकिगत. १९१९ च्या अखेरीस एका पेढीत ओफेलिया नावाची एकोणीस वर्षांची मुलगी कामाला लागली. पेसोआ तेथे पत्रव्यवहारासाठी येत असे. एके संध्याकाळी कचेरीतील दिवे गेले. तेव्हा हातात दिवा घेऊन एकतीस वर्षांच्या या संकोची गृहस्थाने तिच्यापुढे शेक्सपिअरच्या हॅम्लेटच्या भाषेत आपले प्रेम व्यक्त केले. हॅम्लेट नाटकातील नायिकेचे नावही ओफेलियाच, हा योगायोग त्याच्या पथ्यावर पडला! १९२० च्या मार्चपासून नोव्हेंबरपर्यंत चिठ्ठ्या, पायी फिरणे, ट्राममधला प्रवास, लटके रुसवे असे सर्व काही चालले. त्या चिठ्ठ्यांतला पेसोआ भाबडा आहे, खोडकर आहे, कधी पोरकटही आहे. तो त्याच्या एकाही काल्पनिक मित्रासारखा नाही.

पण ती मंडळी स्वस्थ बसली नाही. कधी तो भेटायला येई आणि आज फर्नांदो आलेला नाही, मी आल्वारो द कांपोस आलो आहे, असे सांगून तुसडेपणाने वागे. ओफेलियाला हा कांपोस मुळीच आवडत नसे आणि ती तसे स्पष्ट बोलून दाखवी. नोव्हेंबर १९२० मध्ये पेसोआने पत्र लिहून हे नाते संपविले. नऊ वर्षांनी, १९२९ मध्ये, ते पुन्हा जुळले. तेव्हा तर कांपोसच्या सहीने तिला एक पत्रच गेले, आणि पेसोआचा विचार मनातून काढून टाकावा असा सल्ला त्यात होता. काही महिन्यांत हेही प्रकरण थंडावले. ओफेलियाने ती पत्रे जन्मभर जपली. १९७८ मध्ये ती प्रसिद्ध झाली तेव्हा जगाला कळले की शंभर माणसांच्या या मालकाला एका माणसाने फर्नांदो म्हणूनच ओळखले होते.

कांपोसने लग्न मोडले, असे मी म्हणणार नाही. कांपोसला पुढे करून पेसोआच मागे सरला. काल्पनिक मित्राचा हा धोका ध्यानात ठेवण्यासारखा आहे. तो एकटेपणात सोबत करतो हे खरे, पण कोणी खरे माणूस दाराशी आले तर दार लावायलाही तोच पुढे होतो. कारण खऱ्या माणसापुढे नाकारले जाण्याचे भय असते. काल्पनिक माणूस कधी नाकारीत नाही.

याचा अर्थ पेसोआ माणूसघाणा होता, असा मात्र घेऊ नये. मार्तिन्यो द आर्काद आणि ब्राझिलेरा या कॉफीगृहांत त्याची ठरलेली बैठक असे. तो सभ्य, मिस्कील आणि नीटनेटका होता. १९२० मध्ये विधवा होऊन परतलेली आई त्याच्याबरोबर राहिली; १९२५ मध्ये ती वारली. बहीण, मेहुणा व भाची यांच्या सहवासात, एकाच पत्त्यावर त्याची शेवटची पंधरा वर्षे गेली. माणसे होती, पण त्यांच्यात आणि त्याच्यात नेहमी एक हाताचे अंतर असे.

ते अंतर ज्याने शब्दांत मांडले तो त्याचा सोबती बेर्नार्दो सोआरेस, कापडाच्या पेढीतला दुय्यम हिशेबनीस. दिवसा खातेवहीत आकडे आणि रात्री भाड्याच्या खोलीत मनाची रोजनिशी, असे त्याचे जगणे. सोआरेस हा फार दूरचा माणूस नाही. आपल्यातून थोडेसे वजा केले की उरतो तो सोआरेस, असे पेसोआच मानी. त्याच्या नावावरचे अस्वस्थतेचे पुस्तक १९८२ मध्ये, म्हणजे पेसोआच्या मृत्यूनंतर ४७ वर्षांनी छापले गेले आणि जगभर वाचले जाऊ लागले. जमाखर्च लिहिणाऱ्या कारकुनाच्या मनात काय चालते, हे ज्याला जाणायचे असेल त्याने हे पुस्तक अवश्य पाहावे.

पेसोआच्या हयातीत त्याचे पोर्तुगीज कवितांचे एकच पुस्तक निघाले, १९३४ मधील मेन्साजेम, म्हणजे संदेश. त्यात पोर्तुगालच्या दर्यावर्दींचा इतिहास आहे. वास्को द गामा आहे आणि गोवा जिंकणारा आल्बुकेर्कही आहे. गोव्याच्या बाजूने पाहिले तर हा इतिहास वेगळा दिसतो, हे आपण विसरू नये. या पुस्तकाला सरकारी स्पर्धेत दुय्यम वर्गाचे पारितोषिक मिळाले. मद्यपान वाढले होते, प्रकृती ढासळली होती. ३० नोव्हेंबर १९३५ रोजी लिस्बनच्या इस्पितळात वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी तो वारला. आदल्या दिवशी त्याने पेन्सिलीने एक ओळ लिहिली, उद्या काय होणार ते आपल्याला ठाऊक नाही, या अर्थाची. ती ओळ पोर्तुगीजमध्ये नव्हती, डर्बनच्या शाळेत शिकलेल्या इंग्रजीत होती.

मागे राहिली एक पेटी, आणि तीत २५ हजारांहून अधिक कागद. पाकिटांच्या पाठी, पेढ्यांचे कोरे कागद, जाहिरातींचे कपटे, सर्व काही लिहिलेले. ते कागद काएइरोने लावले नाहीत, कांपोसने छापले नाहीत. बहिणीच्या कुटुंबाने पेटी जपली. मित्रांनी १९४२ पासून एकेक खंड प्रसिद्ध केला. पुढे अभ्यासकांनी आयुष्ये वेचून दुर्बोध अक्षर उलगडले. १९८५ मध्ये त्याचे अवशेष लिस्बनच्या जेरोनिमोस मठात हलविण्यात आले, जेथे वास्को द गामाचीही समाधी आहे. पेसोआ आज शिल्लक आहे तो खऱ्या माणसांच्या श्रमामुळे, आणि त्यांतल्या पुष्कळांना त्याने कधी पाहिलेही नव्हते.

तेव्हा मूळ प्रश्नाकडे वळू. काल्पनिक मित्र खऱ्या संगतीची जागा घेऊ शकतात काय? आमच्या विषयाच्या भाषेत सांगतो. हुंडी एकाने काढावी आणि दुसऱ्याने सकारावी, तेव्हा बाजारात तिला किंमत येते. आपणच काढली आणि आपणच सकारली, तर अक्षर कितीही सुंदर असो, मुदतीच्या दिवशी पैसे आपल्याच खिशातून जायचे. पेसोआच्या मित्रांनी त्याला विचार दिले, वाद दिले, चार कवींची वाणी दिली; पण जे दिले ते त्याच्याच तिजोरीतले होते. बाहेरून भर पडली ती सा-कार्नेइरोच्या पत्रांनी, ओफेलियाच्या रुसव्याने आणि डर्बनच्या वर्गमित्राच्या त्या एका रोखठोक उत्तराने.

म्हणून मनातल्या सोबत्याला हाकलून द्या, असे मला मुळीच म्हणायचे नाही. आपल्या महाविद्यालयातही असे अनेकजण आहेत की जे वर्गात तोंड उघडीत नाहीत. कोणाला इंग्रजीची धास्ती, कोणाला आपल्या कन्नडचे हसे होईल ही भीती, तर कोणाला गावाकडच्या मराठीचा संकोच. वसतिगृहाच्या खोलीत मात्र ते मनातल्या मनात फर्डे वक्ते असतात, आणि समोर एक ऐकणाराही असतो. तो ऐकणारा वाईट नाही. शब्द जुळविण्याची तालीम त्याच्यापुढेच होते. पण तालीम कधीतरी संपली पाहिजे आणि पडदा वर गेला पाहिजे. पेसोआसारखी प्रतिभा असेल तर तालमीतूनही वाङ्मय निर्माण होईल. ती नसेल, आणि आपल्यापैकी बहुतेकांना ती नाही, तर नुसती तालीमच पदरी राहील.

लिस्बनच्या ब्राझिलेरा कॉफीगृहासमोर १९८८ पासून पेसोआचा ब्राँझचा पुतळा आहे. तो टेबलाशी बसला आहे आणि शेजारी ब्राँझचीच एक खुर्ची रिकामी ठेवली आहे. देशोदेशींचे प्रवासी तेथे येतात, क्षणभर त्या खुर्चीवर बसतात, छायाचित्र काढतात आणि निघून जातात. जन्मभर ज्याने आपल्या शेजारची खुर्ची कल्पनेतल्या माणसांनी भरली, त्याच्या शेजारी आता रोज खरी माणसे बसतात. फक्त त्याला त्यांच्याशी बोलता येत नाही. आपल्याला येते. उद्या तासाला आपल्या बाकावर एक जागा रिकामी असेल, तर तिच्यावर आपली पिशवी ठेवण्याआधी एवढे आठवावे.